स्वरूपाचा गळा

आधीच सांगून ठेवते, मला त्या कॉम्प्युटरचा राग हाय. माणसानं बनवलेली वस्तू माणसापेक्षा खरी कशी, हे मला अजून कुणी पटवून देऊ शकलं न्हाई, आणि आता तर कुणी त्या फंदात पडूच नका. स्वरूपाचं सांगायचं म्हणजे माझा आवाज चढणार. चढू दे. तिचा चढायचा राहिला, माझा तरी चढू दे.

मी केसरबाई. मूळची चिखलीचीच. आमची शेतं बिल्डरला गेली आणि बदल्यात या सोसायटीत फ्लॅट मिळाले. आमच्या दारासमोरचा फ्लॅट निरंजननं घेतला. धाराशिवकडचा माणूस, चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला. बायको स्वरूपा, आणि एक मुलगी तेजस्विनी, तवा शाळेत जाणारी. त्यांचं सामान चढत होतं तवा मी दारात उभी राहून बघत होते, सवयच हाय मला ती. गाद्या गेल्या, कपाट गेलं, आणि शेवटी स्वरूपा जिना चढून आली, तर हातात लाकडी पाळणा.

मी म्हणलं, "अगं, मुलगी तर शाळेत जाते. पाळणा कुणासाठी? अजून बेत हाय की काय?"

ती लाजली. "न्हाई हो काकू. मायनं दिलेला आहे. त्याला गावाकडं टाकून कसं यायचं?"

तिथूनच आमचं जमलं.

आमच्याकडं बारशाला पाळणा म्हणणारी बाई लागते. बाळाला पाळण्यात घालायचं, आत्यानं कानात नाव सांगायचं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, मग घुगऱ्या वाटायच्या. पण नाव, धपाटे, घुगऱ्या हे सगळं पाळणा म्हणून झाल्यावर. गावातल्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या आणि सुना मोबाइलवर पाळणा लावायला लागल्या. माझ्या नातीच्या बारशात असाच लावला. निम्म्यात गाणं थांबलं आणि गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात सुरू झाली. बायका फिदीफिदी हसायला लागल्या, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली स्वरूपा उठली, मोबाइल बंद केला, दोरी हातात घेतली आणि म्हणायला लागली.

आली गं पाव्हणी लेक, घर माझं भरलं,
शेवंतीच्या ताटव्यात पाखरू उतरलं, जो जो गं...

काय सांगू तुम्हाला! बारीक, सरळ आवाज, कुठं ओढाताण न्हाई की नखरा न्हाई. पोर रडायची थांबली असं मी सांगणार न्हाई, कारण ती आणखी जोरात रडली. पण बायका गप्प झाल्या, आणि आमच्या चिखलीच्या बायका गप्प होणं ही काय साधी गोष्ट न्हाई.

तवापासून चिखलीत, मोशीत, कुणाचंही बारसं असलं की स्वरूपाला बोलावणं. निरंजन मोटरसायकल चालवणार आणि ही मागं मांडीवर पाळणा आडवा धरून बसणार. कुदळवाडीत शफी मेकॅनिक हाय, त्याच्या आईनं, खातूनबीनं, पणतीसाठी बोलावलं, तर तिथंही गेली. खातूनबी म्हणाली, लोरी तो लोरी है, आणि स्वतःच दोरी धरून बसली. येताना शिरखुर्म्याचा डबा घेऊन आली स्वरूपा, निम्मा मला दिला.

ही गाणी तिच्या आईची, अंबूबाईची. म्हातारी वर्षातून एकदा यायची, ज्वारी घेऊन, आणि महिनाभर राहायची. दोघी मायलेकी स्वयंपाकघरात भाकरी थापत म्हणत बसायच्या. मी माझ्या दारातून कान लावायची, आता कोण म्हणतंय म्हणून. न्हाई यायचं ओळखू. एकच आवाज, कुठं आई संपली आणि कुठं लेक सुरू झाली कळायचं न्हाई. अंबूबाई म्हणायची, "केसरबाई, माझा गळा म्या हिला देऊन टाकलाय बघा. आता माझ्यापाशी हाय तो हिचाच."

निरंजनबद्दलही सांगायला हवं. माणूस वाईट न्हाई हां. बायकोवर कधी आवाज चढवला न्हाई, दारू न्हाई, सुट्टीच्या दिवशी घरातली भांडीसुद्धा घासायचा. पण त्याचा एक मंत्र होता: डोळा फसवतो, गेज फसवत नाही. गेज म्हणजे त्यांचं कंपनीतलं मोजायचं हत्यार. दिवसभर पार्ट मोजायचे, केसाएवढा फरक निघाला तरी बाजूला काढायचे. वीस वर्षं तेच केलेला माणूस. चहात साखर कमी हाय म्हणलं तरी म्हणायचा, चमचा मोजून घातलाय. स्वरूपा म्हणायची, "अहो, जिभेला विचारा की जरा." आणि आमी हसायचो. तवा हसायचो.

मग स्वरूपाच्या गळ्याला गाठ निघाली. थायरॉईडची. डॉक्टर म्हणाले, साधी हाय, पण काढलेली बरी. आवाजाची नस तिथूनच जाते, म्हणून थोडे दिवस आवाज बसेल, बहुतेकांचा पहिल्यासारखा होतो, एखाद्याचा कायमचा जाड राहतो. आता डॉक्टरनं चार गोष्टी सांगितल्या की माणूस त्यातली भीतीची तेवढी घरी घेऊन येतो. ऑपरेशनच्या आधी निरंजननं तिला लॅपटॉपसमोर बसवलं आणि एक गवळण भरून घेतली. 'आधी'चं जवळ असू दे म्हणाला. कंपनीतली रीत. आधीचा नग मोजायचा, नंतरचा मोजायचा, फरक बघायचा.

ऑपरेशन चांगलं झालं. गळ्यावर एक बारीक रेघ तेवढी राहिली. स्वरूपा काही महिने जपून बोलली, मग हळूहळू पहिल्यासारखी बडबडायला लागली, तेजस्विनीला रागवायला लागली. मी म्हणलं चला, सुटलो.

शफीचा पोरगा आमिर हळदीची गाणी बनवतो, आणि कुठल्या दादाचा, कुठल्या भाऊचा वाढदिवस असला की त्याचंही गाणं बनवून देतो. कुदळवाडीत एका खोलीत सगळं सामान. त्यानं नवं सामान घेतलं आणि जुना एक डबा आणि माईक निरंजनला दिला. माईकची वायर त्या डब्यात आणि डब्याची लॅपटॉपला, म्हणजे आवाज स्वच्छ येतो म्हणे. निरंजन हरखून गेला. म्हणाला, आता 'नंतर'चं चांगल्या माईकवर भरू. पाळणाच भरू.

गुरुवार होता, त्याच्या सुट्टीचा. दुपारी मी भाजी घेऊन जिना चढून आले. त्यांचं दार लावलेलं, पण आतून आवाज येत होता. तोच. मी पिशवी खाली ठेवली आणि तिथंच उभी राहिले. मला नस कळत न्हाई, थायरॉईड कळत न्हाई, पण गळा कळतो, भजनात आयुष्यभर टाळ धरलेत मी. गळा होता तस्साच होता, उलट काही दिवस गप्प बसून जास्तच मऊ झालेला. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग मी माझ्या दाराची बेल दाबली. आमची बेल चिमणीची हाय, दाबली की चिव चिव करते. सूनबाईंना दार उघडायला नेहमीप्रमाणे उशीर, म्हणून दोनदा दाबली, आणि आत गेले.

संध्याकाळी मी वाटीभर कढी घेऊन त्यांच्याकडं गेले, तर घरात कुणी वारल्यासारखी शांतता. स्वरूपा भिंतीला टेकून बसलेली. मी म्हणलं, "काय झालं गं? दुपारी तर एवढं छान म्हणत होतीस."

ती म्हणाली, "काकू, गळा गेला माझा."

झालं होतं असं. निरंजननं माईकच्या डब्याची वायर काढली, नुसत्या लॅपटॉपवरच आधी जुनी गवळण लावली आणि मग नवा पाळणा लावला. गवळण तिची होती. पाळणा कुण्या दुसऱ्याच बाईचा. जाड, ओढलेला, दमलेला. शब्द तेच, पण पाय ओढत चालल्यासारखे. स्वरूपानं दोनदा ऐकलं आणि विचारलं, "हा माझा आवाज आहे?"

आणि हा शहाणा काय म्हणाला ऐका. म्हणाला, "म्हणताना मला गोडच वाटला होता गं. पण मी नवरा आहे, मला गोडच वाटणार. मशीनला ना नातं ना गोतं. आहे तसं दाखवतं. तू मनाला लावून घेऊ नको, सावकाश होईल बरा."

मी भडकले. म्हणलं, "अरे, मी दाराबाहेर उभी राहून ऐकलंय माझ्या कानांनी! काही झालेलं न्हाई तिच्या गळ्याला!"

स्वरूपा म्हणाली, "काकू, तुमची माया आहे."

निरंजन म्हणाला, "काकू, कानाचं काही खरं नसतं."

"मग कान देवानं कशाला दिलेत रे, कुड्या घालायला?" मी म्हणलं. "लाव ते, मला ऐकू दे."

पण स्वरूपा उठून आडवी आली. "न्हाई काकू. तो परत लावायचा न्हाई. कुणालाच ऐकवायचा न्हाई." तिनं हात जोडले हो माझ्यापुढं. मी काय करणार? कढी ओट्यावर ठेवली आणि घरी आले.

त्या दिवसापासून ती म्हणायची थांबली. बारशाचं बोलावणं आलं की सांगायची, गळा गेला माझा, ऑपरेशन झालंय. लोकांनाही पटायचं, ऑपरेशन तर झालंच होतं. पाळणा माळ्यावर गेला. भाकरी थापताना गुणगुणायची, तेही बंद. निरंजन बिचारा ज्येष्ठमध आणायचा, गरम पाणी करून द्यायचा, पुन्हा डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरनी आत नळी घालून बघितलं आणि सांगितलं, नस उत्तम हाय, काही दोष न्हाई. तर हा त्यांना म्हणतो, "सर, आमच्याकडं रेकॉर्डिंग आहे." म्हणजे डॉक्टर खोटा, मी खोटी, तिचा गळा खोटा, आणि तो डबा तेवढा हरिश्चंद्र!

एकदा मी तिला शपथ घातली, माझ्यासाठी दोन ओळी म्हण. तिनं सुरुवात केली, पण अर्ध्या गळ्यानं, चोरून, पाय घसरेल या भीतीनं चालावं तशी. आणि वरच्या सुराला तुटली. तुटणारच, घाबरून म्हणलेलं कुणाचं नीट होतं? माझ्याकडं बघून म्हणाली, "बघितलंत?" त्यानंतर मीही शपथ घातली न्हाई.

पुढच्या वर्षी अंबूबाई आजारी पडली. निरंजननं तिला गावाहून इथं आणलं, सगळे उपाय केले, पण वय झालेलं. शेवटी शेवटी ती खिडकीशी कॉटवर नुसती पडून असायची. मी रोज जाऊन बसायची. एका दुपारी ती स्वरूपाचा हात धरून म्हणाली, "म्हण की लेकी, पाळणा म्हण. मला झोप येईना झालीय."

"माय, गळा गेला गं माझा."

"जाऊ दे की. आसंल तसा म्हण."

स्वरूपाचे ओठ हलले. आवाज काही निघाला न्हाई. मग तिनं घाईघाईनं मोबाइल काढला आणि ती जुनी गवळण लावली, ऑपरेशनच्या आधीची. अंबूबाईनं तोंड भिंतीकडं केलं. "डब्यातलं नको गं माय. तू म्हण."

स्वरूपा उठून आत गेली आणि स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडला, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. निरंजन दारात उभा होता, तोही तिच्या मागं गेला. खोलीत मी आणि म्हातारी. ती माझ्याकडं वळली आणि बारीक आवाजात म्हणाली, "केसरबाई, लेक माझ्यावर रागावली का ओ?"

मी म्हणलं, "न्हाई हो, रागवेल कशी?"

"मग म्हणत का न्हाई?"

मी, जिच्या तोंडाला सगळी सोसायटी भिते, ती म्हातारीची चादर सारखी करत बसले. म्हातारी तिसऱ्या दिवशी गेली. ते विचारणं माझ्याजवळ राहिलं, आणि मी ते कुणालाच सांगितलं न्हाई, स्वरूपाला तर न्हाईच.

दिवस जातातच. तेजस्विनी शिकली, हिंजवडीत नोकरीला लागली, तिथल्याच एका मुलाशी लग्न झालं. लग्नात हळदीला आमिरची गाणी वाजली, आईचं गाणं न्हाई. मग तेजस्विनीला मुलगी झाली. बाळंतपणाला माहेरी आली आणि बारसं इथंच करायचं ठरलं. माळ्यावरून पाळणा उतरवला, पुसला, नव्या दोऱ्या लावल्या. आदल्या दिवशी मी त्यांच्या हॉलमध्ये घुगऱ्यांचे हरभरे निवडत बसले होते. स्वरूपा फुलं आणायला गेली होती.

तेजस्विनी बाळाला घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, आईचा तो पाळणा आहे ना तुमच्याकडं? तो लावा उद्या."

निरंजन म्हणाला, "अगं, तो चांगला नाही आला. तिला त्रास होईल."

"जाड तर जाड. माझ्या आईचा आहे. माझ्या मुलीच्या बारशात मला मोबाइलवरची जाहिरात नको."

पोरीनं हट्ट धरल्यावर बापाचं काय चालतंय? त्यानं जुना लॅपटॉप काढला. तो लावता लावता त्याचा जीव अर्धा झाला, पण लागला. आणि मी पहिल्यांदा तो पाळणा ऐकला.

आई गं. खरंच जाड. खरंच दमलेला. मला वाटलं, केसरबाई, तुझेच कान तवा म्हातारे झाले होते, यांचंच बरोबर होतं. मी मान खाली घालून हरभरे निवडायला लागले. तेवढ्यात गाण्याच्या मागं काहीतरी वाजलं. पडसं झालेल्या चिमणीनं ओरडावं तसं. थांबून परत एकदा.

मी म्हणलं, "हे काय वाजलं?"

"बाहेरचं काहीतरी आलं असेल, काकू."

"मागं घे. परत लाव." त्यानं लावलं. आणि माझ्या हातातलं ताट कलंडलं, हरभरे घरभर. "अरे, ही माझी बेल हाय! त्या दिवशी मीच वाजवलेली, दोनदा! पण ही अशी का वाजते?"

मी उठले, तशीच माझ्या दारात गेले आणि बेल दाबली. चिव चिव, चिव चिव. परत येऊन म्हणलं, "आता लाव ते." लावलं. बेल तीच, पण खाली उतरलेली, जाड, ओढलेली. मी निरंजनच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिले. "स्वरूपाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. माझ्या बेलचं काय ऑपरेशन झालं होतं का रे?"

तो लॅपटॉपवर वाकला आणि काहीतरी उघडून बघायला लागला. मग म्हणाला, "काकू, कंपनीत आम्ही एक पक्क्या मापाचा तुकडा ठेवतो. त्याला मास्टर म्हणतात. रोज आधी गेजवर मास्टर लावून बघायचा, गेज बरोबर दाखवतं का. मग काम सुरू करायचं. मास्टर चुकीचा दाखवला तर गेज बाद." त्यानं लॅपटॉपवरचा हात काढला. "मी त्या दिवशी गेज तपासलंच नाही."

मी म्हणलं, मला कळेल असं सांग. तर झालं होतं असं, की आवाज भरताना मशीन त्याचे बारीक बारीक तुकडे करतं. आमिरच्या डब्यावर आकडा होता अठ्ठेचाळीस हजारांचा, म्हणजे एका सेकंदाचे तेवढे तुकडे. लॅपटॉप धरून बसला होता चव्वेचाळीस हजार शंभर. त्यानं आपल्या हिशेबानं ते तुकडे लावले, म्हणून सेकंदाचं गाणं सेकंदात मावेना, लांबलं. आणि लांबलं म्हणून जाड झालं. जुन्या टेपचे सेल उतरले की गाणारा कसा रडायला लागायचा, तसं. एवढंच. एक आकडा.

त्यानं तो आकडा बदलला आणि बटण दाबलं.

आली गं पाव्हणी लेक, घर माझं भरलं...

बारीक, सरळ, मऊ. मी दाराबाहेर पिशवी खाली ठेवून ऐकला होता, तो. मागं माझी चिमणी, चिव चिव. तेजस्विनी बाळाला छातीशी धरून दारातच खाली बसली. निरंजन फरशीवर सांडलेल्या हरभऱ्यांत बसून लहान पोरासारखा रडत होता. मला त्याला शिव्या द्यायच्या होत्या, इतकी वर्षं जिभेवर ठेवलेल्या. पण अशा माणसाला कुठून सुरुवात करायची?

मी म्हणलं, "ती आली की सांग तिला."

"सांगतो. मलाच सांगू द्या, काकू."

स्वरूपा आली, शेवंतीची पिशवी घेऊन. त्यानं तिच्याकडं बघितलं, तोंड उघडलं आणि म्हणाला, "फुलं चांगली मिळाली." मेला! मी आत जाऊन पाणी प्यायले, न्हाईतर मीच बोलून गेले असते. संध्याकाळी तो मला जिन्यात म्हणाला, "काकू, उद्या बारशात लावतो. तिच्या कानानं ऐकेल ती. मी सांगण्यापेक्षा ते बरं." मी म्हणलं, बाबा, तुला जे जमेल ते कर.

दुसऱ्या दिवशी घर भरलं. खातूनबी म्हातारी काठी टेकत आली, जिना चढून. पाळण्याला शेवंतीच्या माळा, बाळाला नवं अंगडं. स्वरूपा आत घुगऱ्यांना फोडणी देत होती. बायका म्हणाल्या, चला, पाळणा म्हणा कुणीतरी. निरंजननं कोपऱ्यातल्या स्पीकरचं बटण दाबलं.

पहिली ओळ झाली आणि स्वरूपा बाहेर आली. हातात डाव तसाच. तिचा चेहरा मी कधी विसरायची न्हाई, इतका उजळला होता.

"माय!" ती म्हणाली. "तेजू, ही माझी माय म्हणायली गं! तुम्हाला कुठं सापडला मायचा आवाज? मला कुणी सांगितलं न्हाई!"

मी निरंजनकडं बघितलं, तो जमिनीकडं बघत होता. स्वरूपा पाळण्याशी येऊन बसली, डोळे मिटले, आणि मांडीवर बोटांनी ठेका धरून ऐकायला लागली. गालांवरून पाणी वाहत होतं, पण हसत होती. मला वाटलं, राहू दे देवा, असंच राहू दे, हिला हीच समजूत राहू दे.

आणि मागं माझी बेल वाजली. चिव चिव. आणि परत.

तिची बोटं थांबली. तिनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. "ही तर काकूंची बेल," ती म्हणाली. मग निरंजनकडं बघितलं.

"तुझाच आहे, स्वरूपा," तो म्हणाला. "त्या दिवशीचाच. आकडा चुकला होता माझा. तुझा गळा बरा होता."

गाणं चालूच होतं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं. संपलं तवा ती कुणाकडं न बघता म्हणाली, "म्हणजे मायनं मागितला तवा होता माझ्याजवळ."

निरंजन तिच्याजवळ जायला निघाला, तर तिनं हात नुसता वर केला, थांबा म्हणून. मग उठली आणि म्हणाली, "फोडणी करपायली," आणि आत गेली. खातूनबीला काय झालंय ते कळलं न्हाई, पण तिनं कुणी न सांगता पाळण्याची दोरी धरली आणि हलवत राहिली. आत्यानं नाव सांगितलं, धपाटे बसले, बायका हसल्या. स्वरूपानं प्रत्येकीच्या ओंजळीत स्वतःच्या हातानं घुगऱ्या घातल्या, एकीलाही विसरली न्हाई.

सगळ्या गेल्यावर मी भांडी आवरायला थांबले. ती मोरीशी बसून पातेलं घासत होती, मी विसळत होते. निरंजन बाहेर खुर्चीत बसून होता, आत यायची हिंमत होत नव्हती त्याची. मग तिनं पातेल्यावरचा हात न थांबवता विचारलं, "काकू, त्या दिवशी मी आत जाऊन नळ सोडला. तवा माय तुम्हाला काहीतरी म्हणत होती. मला नळामुळं ऐकू आलं न्हाई. काय म्हणाली?"

मी जन्मात कुणाचं पोटात ठेवलेलं न्हाई. असेल ते तोंडावर सांगायचं, मग माणूस राहो की जावो.

मी म्हणलं, "काही न्हाई गं. झोप लागली होती तिला."